मॉडेल कुठून आणू, आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात पोर्ट्रेटवर दोन ओळी काय लिहिल्या, या महिन्यात जवळपास सगळी पत्रं त्याच विषयाची. फुलं, पक्षी, गडकिल्ले, सूर्यास्त काढून काढून लोकांना आता माणसं काढायचीयेत आणि सुरुवात नेमकी कुठून करायची ते कळत नाहीये. सारखेच प्रश्न एकत्र केलेत. जिथे बोलण्यासारखं आहे तिथे लांबलंय, बाकी ठिकाणी थोडक्यात.

ताई, मी बँकेत आहे, बरीच वर्षं पक्षी आणि लँडस्केप करतो. क्रॉप (म्हणजे छोट्या) सेन्सरची बॉडी, 18-55 किट लेन्स आणि 70-300 आहे. आता पोर्ट्रेट आणि पुढे मॉडेल फोटोग्राफी करायची इच्छा आहे. 85 एमएम घेऊ की थेट फुल फ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला जाऊ? बायको म्हणते आधी कुणाला तरी विचार.
— एक वाचक, सांगली

वहिनींचं ऐकलंत ते बरं केलंत, कारण उत्तर आहे की आत्ता काहीच घेऊ नका. तुमच्याकडे 70-300 आहे ना, ती 70 ते 100 च्या मध्ये ठेवा आणि माणसापासून सहा-सात फूट लांब उभे राहा, पोर्ट्रेटसाठी जी लेन्स लोक मागतात ती साधारण हीच. चेहरा कसा दिसतो हे खरं तर अंतरावर ठरतं, लेन्स फक्त त्या अंतरावरून किती भाग फ्रेममध्ये घ्यायचा ते ठरवते. 18 वर ठेवून चेहरा फ्रेमभर करायला गेलात तर तुम्ही माणसाच्या अंगावर जाता आणि मग नाक मोठं, कान गायब. मोबाईलच्या सेल्फीत आपण सगळे तसेच दिसतो त्याचं कारण तेच. पुढे कधी घ्यायचीच झाली तर 50 एमएम 1.8 घ्या, ती क्रॉपवर 75 ते 80 सारखी वागते आणि खिशालाही परवडते. फुल फ्रेमचं नाव वर्षभर काढू नका.

आणि 1.8 हातात आली की लगेच सगळं 1.8 वर काढायला जाऊ नका, सगळे तेच करतात. हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, जितका लहान तितकं छिद्र मोठं आणि शार्प येणारा भाग कमी. जवळून 1.8 वर एक डोळा शार्प आणि दुसरा मऊ येतो, कान तर धुक्यात. 2.8 किंवा 4 वर या, फोकस जवळच्या डोळ्यावर. मागचं ब्लर व्हायला माणसाला भिंतीपासून चार पावलं पुढे आणलं तरी पुरतं.

आता खरं काम, म्हणजे उजेड. घरात अशी एक खिडकी शोधा जिच्यातून थेट ऊन आत येत नाही, उत्तरेची असेल तर उत्तमच. तिच्याजवळ स्टूल ठेवा, दोन-तीन फुटांवर, आणि घरातलं जे कुणी तयार होईल त्याला खांदा खिडकीकडे करून बसवा. ट्यूबलाईट बंद करा. हे विसरतात सगळे, आणि मग अर्धा चेहरा निळा, अर्धा पिवळट-हिरवा येतो आणि ते कंप्युटरवर दुरुस्त करायला तास जातो. आपल्याकडे अजून एक भानगड असते ती भिंतीच्या रंगाची. पिस्ता किंवा गुलाबी रंगाची खोली असेल तर खिडकीचा उजेड त्या भिंतीवर आपटून गालाच्या सावलीत तोच रंग घेऊन येतो, आणि आपण कॅमेऱ्याला दोष देत बसतो. अंधाऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा शीट उभा करा, सावली उजळते आणि रंगही बराचसा मरतो. मग तोच शीट काढून तिथे काळी शाल धरा आणि बघा गाल कसा कोरल्यासारखा होतो. स्टूल खिडकीपासून मागे मागे नेत जा, उजेड झपाट्यानं कमी होईल आणि डोळ्यातला चमकणारा ठिपकाही लहान होत जाईल. माणूस तोच, स्टूल तेच, फक्त चेहरा थोडा थोडा वळवायचा आणि नाकाची सावली कुठे पडते तेवढंच बघायचं. खाली ओठाकडे येतेय, गालावर जातेय, की गालाच्या सावलीला जाऊन मिळतेय आणि डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतोय. हा त्रिकोण रेम्ब्रांटच्या चित्रांवरून ओळखला जातो, स्टुडिओत कुणी 'रेम्ब्रांट' म्हणालं तर हेच.

आजोबा पांढरा सदरा-टोपी घालून बसले तर चेहरा काळवंडणार, कारण कॅमेऱ्याचं मीटर समोर दिसेल ते करड्या रंगात आणायला बघतं, इतकं पांढरं बघून ते एकूणच उजेड कमी करतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग, प्लसमध्ये न्या नाहीतर फक्त छोट्या भागाचा उजेड मोजणाऱ्या स्पॉट मीटरनं गालावरून माप घ्या.

एक विनंती. पोर्ट्रेटचा सराव म्हणून वारीत जाऊन वीस फुटांवरून 300 वर म्हाताऱ्या माणसांच्या सुरकुत्या टिपून आणू नका. ते फोटो चांगले येतात, लाईकही मिळतात, पण ती पक्षी-फोटोग्राफीच झाली. त्या माणसाशी बोलणं, त्याला बसवणं, त्याच्या नजरेला नजर देणं यातलं काहीच त्यात होत नाही, आणि तुम्हाला शिकायचंय ते नेमकं तेवढंच.

मी इंजिनिअरिंगला आहे, पुण्यात. कॅमेरा आहे, लाईट थोडाफार समजतो, पण मॉडेल कुठून आणू? इन्स्टावर मुलींना मेसेज केले तर कुणी रिप्लाय देत नाही, एकीने ब्लॉक केलं. पैसे देऊन मॉडेल बोलवायला परवडत नाही.
— एक विद्यार्थी, कोथरूड

ब्लॉक केलं ते बरोबरच केलं रे. ज्या मुलीचा तुझ्याशी काडीचा संबंध नाही तिला तू 'हाय, शूट करायचं का' असं टाकलंस, तिला असे मेसेज रोज येतात आणि त्यातले फोटोग्राफीसाठीचे किती थोडे असतात हे तिला चांगलं माहितीये.

तू पुण्यात राहून मॉडेल कुठे मिळतील विचारतोस याची मात्र गंमत वाटली. तुझ्या कॉलेजात नाटकाचा ग्रुप असेलच. पुरुषोत्तम आणि फिरोदिया या कॉलेजांच्या करंडक स्पर्धांच्या तालमी सुरू झाल्या की संध्याकाळी कुठल्यातरी रिकाम्या वर्गात पंधरा-वीस पोरं-पोरी घामाघूम होऊन उभी असतात, त्यातल्या निम्म्यांना पुढे ऑडिशन द्यायच्या असतात आणि जवळजवळ कुणाकडेच धड फोटो नसतो, मित्राच्या बर्थडेचा क्रॉप केलेला फोटो पाठवतात बिचारे. तिथे जा. पहिल्या दिवशी कॅमेरा बॅगेतच ठेव, तालीम बघ, चहाला थांब. मग दिग्दर्शकाला विचारून तालमीचे फोटो काढ आणि, हे महत्त्वाचं, ते त्यांना दे. आठवडाभरात दे. 'एडिट चालूय' म्हणून तीन महिने लटकवणारे फोटोग्राफर इतके आहेत की वेळेवर फोटो देणारा एवढ्या एका गोष्टीवर तुझं नाव होईल.

मग त्यांना सांग की ऑडिशनसाठीचे फोटो काढून देतो. समोरून, डावीकडून, उजवीकडून, पूर्ण उभा, आणि एक हसरा. मॉडेलिंग एजन्सीसुद्धा नवीन मुलामुलींकडून सुरुवातीला हेच मागतात, त्याला डिजिटल्स म्हणतात, पूर्वी पोलरॉइड म्हणायचे. साधी भिंत, दिवसाचा उजेड, मेकअप नाही किंवा नावाला, अंगाबरोबर बसणारे साधे कपडे, केस मागे, रिटचिंग नाही. एजन्सीला चेहरा आणि शरीराची ठेवण जशी आहे तशी बघायची असते, तुझी कलाकारी नकोच असते. म्हणजे बघ, तुझ्याकडे आहे काय, तर एक खिडकी, एक भिंत आणि एक लेन्स, आणि त्यांना नेमकं तेवढंच हवंय. मोठमोठे लाईट लावून फॅशन पोर्टफोलिओ करणाऱ्यांच्या गर्दीत शिरण्यापेक्षा इथून सुरू कर.

यातूनच पुढे टीएफपीची ओळख होते. टाइम फॉर प्रिंट्स, म्हणजे मॉडेल वेळ देणार, तू फोटो देणार, पैसे कुणीच कुणाला द्यायचे नाहीत. मेकअप करणारी शिकाऊ मुलगी असेल तर तीही यात येते, तिलाही कामाचे फोटो हवेच असतात. पण सगळं आधी लिहून ठरवायचं, साध्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये चालेल. किती वेळ, कुठे, कपडे कुठले, किती एडिटेड फोटो, कधीपर्यंत, कोण कुठे टाकणार. आणि ज्या शूटमधून तुला पैसे मिळतायत तिथे टीएफपी म्हणायचं नाही, तिथे मॉडेललाही पैसे द्यायचे.

अशा वर्कशॉप असतात ना ज्यात मॉडेल, मेकअप, लाईट सगळं तयार असतं आणि आपण फक्त कॅमेरा घेऊन जायचं, त्यात पैसे घालावेत का?
— नाशिक

एखादी करायला हरकत नाही, पण काय मिळणार ते समजून करा. लाईट शिकवणाऱ्यानं लावलेला, सेटिंग बोर्डावर लिहिलेलं, मॉडेल अनुभवी, तिला कुठे बघायचं कसं उभं राहायचं सगळं येतं. दहा-बारा जण अर्धगोलात उभे राहून तेच काढतात आणि प्रत्येकजण घरी जाऊन एकच फोटो 'माय वर्क' म्हणून टाकतो. फोटो छान येतात, शंकाच नाही. पण दुसऱ्या दिवशी मावसबहिणीला गॅलरीत उभं केलं की परत पाटी कोरी. शिकवणारा जर तुम्हाला लाईट स्वतः लावायला देत असेल, चुकू देत असेल आणि गट लहान असेल तर जा. नुसतं मॉडेल आणून उभी करणार असेल तर ते पैसे वाचवून एक साधा फ्लॅश, ट्रिगर आणि पांढरी छत्री घ्या. मुंबईच्या जवळ असाल तर फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आहे, 1937 पासूनची हौशी फोटोग्राफरांची संस्था. अशा ठिकाणी आपले फोटो चार जाणत्यांसमोर ठेवून बोलणी खाण्यात जास्त शिक्षण होतं असं माझं मत.

मी 20 वर्षांची आहे, कोल्हापूरची. एका फोटोग्राफरने फ्री शूट करू म्हणून विचारलंय, काम चांगलं दिसतंय. आई नको म्हणते. कसं ओळखायचं?

त्याच्या पेजवर ज्या मुली दिसतात त्यातल्या दोघी-तिघींना तू स्वतः शोधून मेसेज कर आणि सरळ विचार, कसा अनुभव होता, फोटो दिले का, सोबत कुणाला येऊ दिलं का. त्यानं दिलेल्या नावांना नाही, तू निवडलेल्यांना. मग त्याला सांग की मी भावाला किंवा मैत्रिणीला घेऊन येणार. जो खरा काम करणारा आहे तो 'हो, या ना, रिफ्लेक्टर धरायला माणूस झाला' म्हणेल. 'सोबत कुणी असलं की मॉडेल मोकळी होत नाही' हे वाक्य आलं की विषय संपला, काम कितीही चांगलं असू दे. पहिलं शूट रंकाळ्यासारख्या उघड्या ठिकाणी, दिवसा. कपडे आधी ठरलेले, ऐनवेळी 'अजून एक लूक ट्राय करू' नाही. आणि आईला नुसतं समजावत बसू नकोस, तिलाच घेऊन जा. पन्हाळ्याला जायचं ठरलं तर त्याला परवानगीचं विचार, पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, आणि त्याला हे माहितीये का यावरूनही माणूस कळतो.

एजन्सीच्या नावानं कुणी 'तुमची निवड झाली, आता आमच्याच फोटोग्राफरकडून एवढ्या हजारांचा पोर्टफोलिओ करा' म्हणालं तर सरळ उठून यायचं. एजन्सी कमावते ती तुला काम मिळवून देऊन त्यातल्या कमिशनवर. तुझ्याकडूनच आधी पैसे घेत असेल तर तिचा धंदा फोटो विकायचा आहे.

आणि फोटोग्राफर मंडळींनी हे उत्तर दोनदा वाचावं. मॉडेल एकमेकींशी बोलतात. तुमचा पोर्टफोलिओ पोचायच्या आधी तुमची कीर्ती पोचलेली असते, आणि या क्षेत्रात पुढची मॉडेल बहुतेक वेळा आधीचीच पाठवते.

एका ताईंचे पोर्ट्रेट काढले, त्यांनी ठरलेले पैसे दिले. मी फोटो माझ्या पेजवर टाकले तर आता काढ म्हणतात. फोटो मी काढलाय म्हणजे कॉपीराइट माझाच ना?
— ठाणे

नाही. इंटरनेटवर अमेरिकेतलं वाचून आपल्याकडे सगळ्यांचा हाच गैरसमज झालाय. आपला कायदा 1957 चा, त्यातलं कलम 17 बघा. एरवी फोटो काढणाराच पहिला मालक, पण कुणी मोबदला देऊन सांगून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे तुमच्या केसमध्ये त्या ताई. फोटो तुम्ही काढलाय हे श्रेय तुमचंच राहतं, पण वापरायचा कुठे हे ठरवणं तुमच्या हातात नाही. तेव्हा फोटो काढून टाका, माफी मागा आणि पुढच्या वेळेपासून पैशाचं ठरवताना तिथेच एक ओळ लिहून घ्या की यातले अमुक फोटो मी माझ्या पोर्टफोलिओत आणि पेजवर वापरीन. बहुतेक लोक हसत हो म्हणतात, आधी विचारलं म्हणूनच म्हणतात.

टीएफपीमध्ये पैसे नसले तरी मॉडेल रिलीज, म्हणजे फोटो वापरायला मॉडेलची लेखी संमती, घ्याच. आणि समोरचं मूल 18 च्या आतलं असेल तर त्याच्या सहीला काही अर्थ नाही, आपल्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही, आईवडिलांची सही हवी आणि शूटला त्यांच्यापैकी कुणीतरी हजरही हवं.

लोक कॅमेऱ्यासमोर आले की लाकडासारखे ताठ होतात. काय बोलायचं त्यांच्याशी?
— लातूर

'हसा' आणि 'नॉर्मल राहा' हे दोन शब्दप्रयोग आजपासून बंद करा, दोन्हीनं माणूस जास्त ताठ होतो. पहिले काही फोटो तसेही टाकून द्यायचेच असतात, ते लाईट बघतोय म्हणून काढा, आणि तसं सांगूनच काढा, म्हणजे समोरच्याला वाटतं अजून सुरू नाही झालं. त्यातलाच एखादा कधीकधी सगळ्यात चांगला निघतो.

हातांना काम द्या. चहाचा कप, पदर, चष्मा, शर्टाची बाही दुमडणं, काहीही. रिकामा हात काय करू काय करू करतो आणि ते चेहऱ्यावर दिसतं. वजन एका पायावर घ्यायला सांगा, खांदे कॅमेऱ्याला थोडे तिरके. हनुवटीचं मात्र नीट शिका, कारण 'मान वर' म्हटलं की नाकपुड्या दिसतात आणि 'खाली' म्हटलं की दुहेरी हनुवटी. कासव कवचातून डोकं काढतं तसं कपाळ थोडं कॅमेऱ्याकडे आणा आणि मग हनुवटी किंचित खाली. करताना वेडगळ वाटतं, फोटोत जबड्याची रेषा स्वच्छ येते. हे तोंडी सांगत बसू नका, स्वतः करून दाखवा. तुम्ही वेडेवाकडे दिसलात की समोरचा हसतो, आणि तेव्हा बटण दाबायचं.

हात लावून पोझ दुरुस्त करायची नाही. केसाची बट असली तरी सांगायचं, 'उजवीकडची बट मागे घ्या'. आणि स्क्रीन बघून तोंड वाकडं करू नका हो, समोरच्याला वाटतं आपणच वाईट दिसतोय, तुम्ही मात्र आयएसओ बघत असता.

क्लायंट म्हणतात गोरं करून द्या. करावं का?

मी करत नाही. उजेड नीट लावला तर सावळा रंग जो दिसतो तो त्यांनाच आधी दाखवा, बहुतेक वेळा मागणी तिथेच विरते. रिटचिंगचा साधा नियम असा की पंधरा दिवसांनी आपोआप जाणारं आहे ते पुसा, मुरूम, ओरखडा, डास चावलेला. तीळ, व्रण, खळी यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. त्वचेची रंध्रं घालवून मेणाचा चेहरा केलात तर तो कुणाचाच राहत नाही.

आता महिन्याला एक-दोन पेड शूट मिळतात. आयटीतली नोकरी सोडून पूर्णवेळ यात पडावं का? वय 29.
— हिंजवडी

पोर्ट्रेटसाठी प्रसिद्ध असलेले फोटोग्राफर गौतम राजाध्यक्ष यांचं नाव तुम्ही पत्रात घेतलंत म्हणून त्यांचंच सांगते. ते लिंटास या जाहिरात एजन्सीत नोकरी करत होते, नोकरीत असतानाच माणसांचे फोटो काढत होते, आणि पूर्णवेळ व्यावसायिक फोटोग्राफीत आले ते 1987 मध्ये, म्हणजे चांगलं नाव झाल्यावर. नोकरी सोडून मग नाव करायला निघाले नव्हते. महिन्याला एक-दोन शूटवर हिंजवडीतला फ्लॅटचा हप्ता जात नाही, आणि हप्त्याची चिंता लागली की माणूस नको ती कामं नको त्या दरात घेतो, मग पोर्ट्रेट बाजूला राहतं आणि बारशी-साखरपुडे करत बसतो. त्यातही वाईट काही नाही, पण तुम्हाला ते करायचं नाहीये असं तुम्हीच लिहिलंय. शनिवार-रविवार आहेत, ते आधी भरू द्या. शनिवार-रविवारच्या तारखा पुढच्या दोन महिन्यांच्या गेलेल्या असतील आणि लोकांना नाही म्हणावं लागत असेल, असं सलग वर्षभर झालं की परत पत्र लिहा. तोपर्यंत दर ठरवताना फक्त शूटचे दोन तास मोजू नका, आधीचं बोलणं, जाणं-येणं, निवड, एडिट, बॅकअप सगळे तास धरा, मग कळेल की आत्ता तुम्ही ताशी किती कमी कमावताय.

चष्म्याच्या काचेत खिडकी दिसते. काढायला सांगू का चष्मा?
— सोलापूर

नको, रोज चष्मा लावणारा माणूस चष्म्याशिवाय स्वतःसारखा दिसत नाही, वर नाकावरचे वळ दिसतात ते वेगळेच. कानामागच्या काड्या थोड्या वर उचला म्हणजे काचा किंचित खाली झुकतील, चेहरा खिडकीपासून जरासा वळवा, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये बघत बघत खिडकी काचेतून निघून जाईपर्यंत हलवत राहा.